फुग्यावरून गॅमा किरण मोजताय? या चुका टाळा

सर्वांत महागात पडणारी चूक आलेख वाचताना होते. फुगा १८ ते २० किमीवर गेला की काउंट (ठरावीक वेळात मोजले गेलेले किरण) कमालीचे वाढतात, मग उतरतात. अवकाशातून येणारे वैश्विक किरण हवेवर आदळून जे दुय्यम किरण तयार होतात, त्यांचा हा कळस. दूरच्या ताऱ्याचा संबंध नाही. ऊर्जेच्या आलेखात ५११ केईव्हीला (केईव्ही म्हणजे किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट, किरणाच्या ऊर्जेचं माप) दिसणारा शेंडाही बहुतेक हवेतला आणि खुद्द उपकरणाच्या डब्यातला. रबरी फुगा ३० किमीवर पोचला तरी वर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १२ ग्रॅम हवा उरतेच, आणि तिच्यातून ५११ केईव्हीचे जेमतेम एक तृतीयांश किरण सरळ पार होतात. २०१६ मध्ये न्यूझीलंडहून उडालेल्या ‘कोसी’ दुर्बिणीने आकाशगंगेच्या मध्याकडून येणारे हे किरण टिपले, पण ४६ दिवस तरंगून आणि किरणांची दिशा ठरवून. गॅमा किरण पडला की चमकणाऱ्या एका स्फटिकाच्या काही तासांच्या उड्डाणात उंची आणि काउंटचा आलेख मिळवा, तेवढं पुरे.

वर गेल्यावर काउंट अचानक वेडेवाकडे झाले तर फोटोमल्टिप्लायरचं (स्फटिकातली चमक विजेच्या संकेतात बदलणाऱ्या नळीचं) हाय व्होल्टेज तपासा. ३० किमीच्या विरळ हवेत मिलिमीटरभर फटीतही काहीशे व्होल्टला ठिणगी पडते. उघडे सांधे सिलिकॉन रबरात बुडवा, बुडबुडा राहू देऊ नका. नळीऐवजी चिपच्या रूपातल्या सिलिकॉन फोटोमल्टिप्लायरला ३० व्होल्टच्या आसपास भागतं, पण थंडीत त्याचा गेन (संकेत किती पट वाढतो ते) सरकतो. शेजारी तापमापक हवाच.

सोडियम आयोडाइडचा स्फटिक कोकणच्या दमट हवेत उघडा पडला की पिवळा पडून वाया जातो. सीलबंदच घ्या. कॅलिब्रेशन (आलेखावर कुठे कोणती ऊर्जा ते ठरवणं) जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे कातळपठारावर, डबा नुसता ठेवून करू नका. जांभ्यातलं पोटॅशियम पावसाने धुऊन गेलेलं असतं. बागेसाठी आणलेलं म्युरेट ऑफ पोटॅश किलोभर शेजारी ठेवा, त्यातल्या पोटॅशियमचा १४६१ केईव्हीचा शेंडा स्वच्छ दिसेल.

हेलियम भरताना फुग्याचं वजन दोनदा धरू नका. तोंडाशी लावलेल्या वजनकाट्यावरची ओढ फुग्याचं वजन वजा होऊनच येते. १२०० ग्रॅमचा फुगा, पॅराशूटसह १.५ किलो सामान असेल तर काट्यावर २.७ किलो ओढ आली की थांबा. चढ सेकंदाला ५ मीटरच्या आसपास राहतो.

पावसाळ्यात वरचे पूर्वेचे वारे डबा थेट अरबी समुद्रात नेतात. डिसेंबर ते फेब्रुवारी, सकाळी, खारे वारे सुटण्याआधी सोडा. हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी मात्र आधीच. जीपीएस ‘एअरबोर्न’ (जास्त उंचीच्या) मोडवर ठेवा, नाहीतर काही चिप १२ किमीवरच गप्प होतात. डबा बहुधा घाटमाथ्यापलीकडे उतरतो. रत्नागिरीहून सोडलात तर तिथल्या अँटेनाला सह्याद्री आडवा येतो, म्हणून दुसरा रिसीव्हर आंबा घाटाच्या माथ्यावर हवा.