बेल सर्किटचा तक्ता बरोबर दिसतोय? या चुका टाळा

दोन क्युबिट (क्वांटम संगणकाचे बिट) एकमेकांशी जोडणारं बेल सर्किट म्हणजे किस्किट, आयबीएमचं क्वांटम प्रोग्रॅमिंगचं सॉफ्टवेअर, शिकणाऱ्याचा श्रीगणेशा. क्युबिट ० वर हॅडमार्ड (० आणि १ चं समान मिश्रण करणारं गेट), मग ० कंट्रोल आणि १ टार्गेट धरून सीनॉट (कंट्रोल १ असेल तर टार्गेट उलटवणारं गेट), शेवटी दोन्हींचं मोजमाप; कोणतं उत्तर किती वेळा आलं, तो तक्ता. काम चार ओळींचं, पण अडकायला जागा पुष्कळ.

अनेकांची गाडी सर्किटच्या आधीच अडते, कारण इंटरनेटवरचे धडे जुने असतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये किस्किट १.० आलं आणि त्यातून ‘एक्झिक्यूट’ हे सर्किट चालवणारं फंक्शन गेलं. एअर सिम्युलेटर, म्हणजे साध्या संगणकावर सर्किट चालवून बघायचा प्रोग्रॅम, वेगळा इन्स्टॉल करावा लागतो. आयबीएमच्या खऱ्या मशीनवर पाठवण्याआधी सर्किट ट्रान्सपाइल करा, म्हणजे चिपच्या भाषेत बदला; चिपला थेट हॅडमार्ड कळत नाही, तिच्या मोजक्या गेट्समध्ये तो बसवावा लागतो.

सिम्युलेटरवर १,०२४ शॉट्स घेतले, म्हणजे सर्किट तितक्या वेळा चालवलं, की ०० आणि ११ साधारण निम्मे-निम्मे येतात. ४९८ आणि ५२६ आले म्हणून कोड उसवत बसू नका. इथे प्रमाण विचलनच १६ आहे, तेवढं इकडेतिकडे होणारच. ४५० आले तर मात्र शंका घ्या.

०० आणि ०१ निम्मे-निम्मे आले तर बहुधा कंट्रोल-टार्गेट उलटे झालेत. किस्किट क्युबिट ० चा बिट सगळ्यात उजवीकडे छापतं, म्हणजे ०१ मधला १ क्युबिट ० चा. नवशिके इथे हमखास फसतात. चारही उत्तरं पाव-पाव? हॅडमार्ड दोन्हींवर लागलाय. नुसतं ००? तो राहिलाच. खऱ्या चिपवर थोडे ०१ आणि १० येणारच, तो गेट्सचा आणि वाचनाचा गोंगाट.

सगळ्यात फसवी चूक तक्ता बरोबर दिसत असताना होते. सीनॉटच्या आधीच क्युबिट ० मोजला गेला, तरीही ०० आणि ११ निम्मे-निम्मेच येतात, पण एन्टँगलमेंट, म्हणजे दोन क्युबिटमधलं क्वांटम नातं, उरलेलं नसतं. एकच आकडा दोन चिठ्ठ्यांवर लिहून दोन पाकिटांत घातला, तरी तक्ता असाच दिसेल.

पडताळणी सोपी आहे. शेवटच्या मोजमापाआधी दोन्ही क्युबिटवर एकेक हॅडमार्ड लावा आणि पुन्हा १,०२४ शॉट्स घ्या. खरी बेल अवस्था असेल तर पुन्हा ०० आणि ११ च येतील. चारही उत्तरं २५६ च्या आसपास आली, तर मधलं मोजमाप शोधून काढा. ०१ आणि १० आले, तर एन्टँगलमेंट शाबूत आहे, फेज (मिश्रणातल्या ०० आणि ११ मधलं चिन्ह) उलटलीय: पहिल्या हॅडमार्डच्या आधी एक्स किंवा नंतर झेड गेट चुकून लागलाय का ते बघा.