एकाला हसू, दुसऱ्याला राग: आंतरवंशीय विनोदी प्रेमकादंबरीवर वाचक-बैठक कशी घ्यावी

कृष्णवर्णीय नायिका, गोरा नायक (किंवा उलट), दोन्हीकडची नातेवाईक मंडळी आणि पानोपानी विनोद अशी कादंबरी वाचक-बैठकीला घेतली की गट हमखास दुभंगतो. चार जण पोट धरून हसलेले असतात, दोघांनी पन्नासाव्या पानावर पुस्तक मिटलेलं असतं, आणि एक जण म्हणतो, ‘बरी आहे.’ मग अर्धा तास ‘मला आवडली’, ‘मला नाही आवडली’ एवढंच चालतं आणि चहा येतो.

असं होतं, कारण एकाच पुस्तकात तीन पुस्तकं असतात: एक विनोदाचं, एक प्रेमाचं आणि एक वंशभेदाचं. प्रत्येक वाचक त्यांतल्या एकाच पुस्तकाला गुण देतो आणि समोरच्यानंही तेच वाचलं असं धरून चालतो. बैठक घेणाऱ्याचं काम ही तीन पुस्तकं सुटी करायची आणि प्रत्येक मताला पानापर्यंत आणायचं. त्यासाठीची ही पद्धत आहे. पणजी, फोंडा, म्हापसा, साखळी अशा ठिकाणच्या, मराठी-कोंकणीत बोलणाऱ्या आणि अशा कादंबऱ्या बहुधा इंग्रजीतून वाचणाऱ्या गटांसाठी ती लिहिली आहे.

बैठकीच्या आधीचे चार आठवडे

आठ ते बारा माणसं पुरे. सहाच्या खाली आली तर मतभेद दोन माणसांमधला वाद वाटू लागतो, आणि चौदाच्या वर गेली तर लाजरी माणसं तोंडच उघडत नाहीत. तीनशे पानांची कादंबरी रोज वीस पानांनी पंधरा दिवसांत होते, पण इंग्रजी सावकाश वाचणारे गटात असतातच, म्हणून पूर्ण चार आठवडे द्या. चतुर्थीचे दिवस आणि गावच्या जत्रा आधी कॅलेंडरवर बघून घ्या. प्रती कमी असतील तर तिघांत एक प्रत चालते. पाटोच्या कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयात आणि तालुक्याच्या वाचनालयात आधी चौकशी करा.

पानांचे आकडे जुळणं हा किरकोळ वाटणारा पण बैठक बिघडवणारा मुद्दा आहे. छापील प्रत, ई-बुक आणि फोनवरची प्रत यांची पानं वेगवेगळी पडतात. म्हणून सगळ्यांना प्रकरणाचा क्रमांक आणि परिच्छेदाचे पहिले तीन शब्द टिपायला सांगा. ऑडिओबुक ऐकणाऱ्यांनी प्रकरण आणि मिनिट टिपावं. त्यांच्याकडे जरा जास्त लक्ष ठेवा, कारण निवेदक पात्रांचे हेल काढून वाचतो आणि कागदावर सौम्य असलेला विनोद कानाला झोंबू शकतो. मतभेदाचं मूळ कित्येकदा एवढंच निघतं.

प्रत्येकाला तीन रंगांच्या कागदी पट्ट्या द्या. जिथे हसू आलं तिथे पिवळी, जिथे खटकलं किंवा लागलं तिथे गुलाबी, आणि ‘ही दोघं खरंच प्रेमात आहेत’ असं पटलं किंवा साफ पटलं नाही तिथे हिरवी. प्रत्येक रंगाच्या चारच पट्ट्या. ही मर्यादा पाळाच, नाहीतर उत्साही वाचक चाळीस पट्ट्या लावून येतो आणि त्यातून काहीच कळत नाही. पट्टीवर एक ओळ लिहायची: इथे काय झालं. ग्रंथालयाच्या प्रतीत डिंकाच्या पट्ट्या नकोत, साधा कागद घालावा.

बैठकीच्या तीन दिवस आधी प्रत्येकाकडून फक्त प्रकरण, परिच्छेद आणि रंग मागवा, तेही संयोजकाच्या वैयक्तिक नंबरवर. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर मतं टाकू देऊ नका. तिथे पहिल्या दोघांनी ‘भन्नाट!’ लिहिलं की ज्याला खटकलं होतं तो गप्प बसतो.

आता एक तक्ता करा: डावीकडे प्रकरणं, उजवीकडे रंग. ज्या परिच्छेदावर पिवळी आणि गुलाबी दोन्ही पडल्या तो तुमचा विषय. अशा जागांतल्या तीनच निवडा. पुस्तक अर्धवट सोडलेल्यांनी कुठे सोडलं तेही तक्त्यावर मांडा आणि त्यांना आग्रहानं बोलवा. तिघांनी एकाच दहा पानांत पुस्तक मिटलं असेल, तर त्या दहा पानांत काहीतरी आहे हे नक्की.

गुण तीन, सरासरी नको

बैठक सुरू होताच दहा मिनिटं कुणीही बोलायचं नाही. प्रत्येकानं चिठ्ठीवर तीन वेगळे गुण लिहायचे, प्रत्येक दहापैकी: विनोदाला, प्रेमकथेला आणि वंशाचा विषय कसा हाताळला त्याला. चिठ्ठीवर नाव नको. गुण फळ्यावर मांडा, पण सरासरी काढू नका. चौघांनी नऊ आणि चौघांनी तीन दिले तर सरासरी सहा येते, आणि सहा गुण तर एकानंही दिलेले नसतात. ‘संमिश्र प्रतिसाद’ म्हणतात तो बहुतेक वेळा असा असतो. मधलं मत कुणाचंच नसतं.

पूर्ण वेळ पावणेदोन तास धरा. दहा मिनिटं गुण, पंधरा मिनिटं ज्यांना पुस्तक आवडलं नाही त्यांचं म्हणणं, निवडलेल्या तीन जागांना प्रत्येकी वीस मिनिटं, आणि शेवटची वीस मिनिटं कथेच्या शेवटाला. नाराजांना आधी बोलू द्या. खुशीतल्या वाचकांनी सुरुवात केली की नाराज माणसाला आपण रंगाचा बेरंग करतोय असं वाटतं. शनिवारी चारला सुरू करून पावणेसहाला उठलात तर सत्तरी, पेडण्याकडच्यांना बस मिळते.

एक जागा कशी तपासायची

परिच्छेद मूळ इंग्रजीत मोठ्यानं वाचा. मग दुसऱ्या कुणीतरी तिथे काय घडतं ते आपल्या बोलीत सांगावं. हे दोन्ही करणं जरूर आहे. उच्चारावरचे आणि शब्दखेळाचे विनोद आपल्या भाषेत आले की विरतात, आणि ‘मला यात हसण्यासारखं काय ते कळलंच नाही’ म्हणणारा वाचक नापसंती सांगत नसून भाषेची अडचण सांगतोय हे तेव्हाच उमगतं.

मग चार प्रश्न, याच क्रमानं. विनोद कोण करतं? तो कुणावर आहे? त्या प्रसंगात आणखी कोण हजर आहे आणि हसतं कोण? ज्याच्यावर विनोद झाला तो माणूस पुढे काय करतो? चौथा प्रश्न सगळ्यांत कामाचा.

समजा, गोरा नायक नायिकेच्या आजीकडे रविवारच्या जेवणाला गेलाय. चांगलं वागण्याच्या धडपडीत तो प्रत्येक पदार्थाची इतकी स्तुती करतो की आजी विचारते, ‘घरी तुला उपाशी ठेवतात का?’ हसू नायकावर आहे, आजीला तोंड आहे, प्रसंग पुढे सरकतो. आता त्याच जेवणावळीतली आत्या बघा. ती पुस्तकभर फक्त किंचाळते, कमरेवर हात ठेवते आणि निघून जाते. तिच्या तोंडी साधं, हळू बोललेलं एक तरी वाक्य आहे का, ते मोजायला सांगा. शून्य निघालं तर आत्या विनोदासाठी ठेवलेला साचा आहे, आणि गुलाबी पट्टीला आधार मिळाला. तीन-चार निघाली तर पिवळी पट्टीवाल्यांनी ती वाचून दाखवावीत. मोजल्यावर आवाज आपोआप खाली येतात.

अशी मोजणी आणखी एका ठिकाणी करावी: रंगाच्या वर्णनात. नायिकेच्या कांतीला चॉकलेट, कॉफी, कॅरॅमल अशा खाण्याच्या उपमा किती वेळा आल्यात आणि नायकाच्या कांतीला किती वेळा? एकीलाच सगळ्या उपमा मिळाल्या असतील, तर नायक तिच्यावर प्रेम करतोय की तिच्या रंगावर भाळलाय, हा प्रश्न रास्त ठरतो. त्याला तिच्यात काय आवडलं (तिचं काम, तिचा हट्ट, तिचं हसणं) याची यादी हिरव्या पट्ट्यांवरून करा.

सगळ्यांत जास्त मतभेद अवघडलेपणाच्या विनोदावर होतात. भल्या मनाचा माणूस चुकीचं बोलतो, सावरायला जातो आणि अधिकच फसतो. काही वाचकांना तो आपलाच वाटतो, म्हणून हसू येतं. पण परक्या गावात, परक्या घरात ज्यांनी अशी बोलणी ऐकून घेतलीत त्यांना दिसतं की समोरच्याला धडे देण्याचं कष्टाचं काम पुन्हा नायिकेकडेच आलंय. ही दोन्ही वाचनं खरी आहेत. यात निकाल लावायला जाऊ नका, फक्त कोण कुठे उभं राहून वाचतंय ते बोललं जाऊ द्या.

शेवटाची वीस मिनिटं

प्रेमकादंबरी या प्रकाराचा शेवट सुखाचा असतो, तो त्याचा नियमच. साधारण तीन-चतुर्थांश पुस्तक झालं की ताटातूट होते आणि मग मनधरणी. हे गटाला पहिल्याच दिवशी सांगून ठेवा, म्हणजे ‘शेवट आधीच कळला’ या तक्रारीत वेळ जात नाही.

विचारायचं ते वेगळंच: ताटातूट कशानं झाली आणि ती मिटली कशानं? भांडण जर नायकाच्या आईच्या एखाद्या वंशद्वेषी बोलण्यावरून झालं असेल आणि विमानतळावरच्या फुलांच्या गुच्छानं मिटलं असेल, तर मधली पानं मोजा. तेवढ्या पानांत त्यानं आईशी काय बोलणं केलं? काहीच नसेल तर ‘पळवाट काढली’ ही तक्रार नेमकी आहे. उलट भांडण साध्या गैरसमजाचं असेल आणि वंशाचा प्रश्न दोनशे पानं तापवून शेवटी तसाच सोडला असेल, तर तक्रार वेगळी, आणि ती वेगळीच नोंदवावी.

संदर्भाचा एक कागद

ए-फोरची एकच बाजू, जास्त नको. कादंबरी जिथे घडते तिथलंच त्यावर लिहा. अमेरिका असेल तर: व्हर्जिनियातल्या लव्हिंग दांपत्याला 1958 मध्ये आंतरवंशीय लग्न केल्याबद्दल अटक झाली, आणि 12 जून 1967 रोजी सर्वोच्च न्यायालयानं अशी बंदी घटनाबाह्य ठरवली. तेव्हा 16 राज्यांत ती उरली होती. अलाबामाच्या राज्यघटनेतलं तसं कलम तर 2000 साली मतदानानं निघालं. दक्षिण आफ्रिकेत 1949 ते 1985 मिश्रविवाहबंदीचा कायदा होता. ब्रिटनमध्ये असा कायदा नव्हता, तिथला विरोध घराघरांतला आणि रस्त्यावरचा. हा कागद हवा, कारण 1960 सालच्या व्हर्जिनियातल्या सासूचा टोमणा आणि आजच्या लंडनमधल्या सासूचा टोमणा यांचं वजन सारखं नसतं.

आपल्याकडे चर्चा दहा मिनिटांत जातीवर येते, आणि यावीच. पण दोन्हीची गल्लत होऊ देऊ नका. घरच्यांचा नकार, पंगतीतलं अवघडलेपण, ‘लोक काय म्हणतील’ हे सारखं आहे. फरक असा की रंग रस्त्यावरच्या अनोळखी माणसालाही दिसतो, तर जात आडनाव, गाव, कुलदेव, कुठल्या देवळाचे महाजन असं विचारत विचारत काढली जाते. म्हणून अशा कादंबरीत हॉटेलातला वेटर, टॅक्सीवाला, शेजारीण यांच्या नजरांचे प्रसंग जास्त असतात. तेही तपासा.

‘गोव्यात हे पोर्तुगीजांपासून चालत आलंय’ असंही कुणी म्हणेल. 1510 नंतर आफोंस द आल्बुकेर्कनं आपल्या माणसांची स्थानिक स्त्रियांशी लग्नं लावून दिली, हे खरं. पण ते राज्याचं धोरण होतं, स्त्रियांना बाप्तिस्मा घ्यावा लागे, आणि त्यांचं स्वतःचं म्हणणं आपल्यापर्यंत फारसं पोचलेलंच नाही. तो दाखला एका वाक्यात घेऊन पुन्हा पुस्तकाकडे या. 2013 साली पर्वरीला नायजेरियन लोकांनी महामार्ग अडवला, त्यानंतर त्यांच्याबद्दल गोव्यात जे बोललं गेलं तेही निघेल. त्याला वेळ द्या, कारण नायिकेच्या जागी तशी सून आपल्या वाड्यावर आली तर काय, हा प्रश्न तिथूनच प्रामाणिकपणे विचारता येतो. कृष्णवर्णीयांना हिणवणारा ‘खापरी’ हा शब्द मात्र बैठकीत चालणार नाही, हे सुरुवातीलाच सांगा.

कुठे बिघडतं

गटात कुणाचा जोडीदार परदेशी असेल तर सगळ्यांच्या माना तिकडे वळतात. त्या व्यक्तीला स्वतःहून बोलायचं असेल तर बोलेल, तुम्ही विचारू नका. ‘विनोदच तर आहे, एवढं काय?’ असं कुणी म्हणालं की लगेच चार प्रश्नांकडे न्या. ‘हे सगळं पुस्तकच द्वेषाचं आहे’ असं कुणी म्हटलं तरी तेच करा.

लेखिका कुठल्या वंशाची हा मुद्दा तिन्ही जागा तपासून झाल्यावरच घ्या. आधी काढला की तोच निकाल होऊन बसतो: ती कृष्णवर्णीय म्हणजे सगळं माफ, गोरी म्हणजे सगळं संशयास्पद. शृंगाराचे प्रसंग असतील तर पुस्तक वाटतानाच सांगा, मोठ्यानं वाचू नका. मात्र त्यात दोघांची इच्छा सारखी दिसते का, एवढं विचारायला संकोच नको. संयोजकानं आपलं मत सगळ्यांत शेवटी द्यावं.

दोनशे-अडीचशे शब्दांचं टिपण त्याच रात्री लिहून ठेवा. तिन्ही गुणांचे सर्वांत वरचे आणि सर्वांत खालचे आकडे, वादाच्या तीन जागा आणि प्रत्येक बाजूचं एकेक वाक्य एवढं त्यात हवं. बोलणाऱ्यांची नावं नकोत. पुस्तक परत करण्याआधी पट्ट्या काढून रंगांप्रमाणे पाकिटात घाला आणि तक्त्याचा झेरॉक्स त्याच पाकिटात ठेवा. पुढची अशी कादंबरी निवडताना तो समोर घ्या.