दुःखाची कादंबरी वर्गात वाचताना

आई-बाबा गेलेल्या आणि नव्या घरात रुजणाऱ्या मुलाची कादंबरी पाचवी-सहावीला वाचून दाखवायची, तर आधी स्वतः पूर्ण वाचा आणि मृत्यूच्या प्रकरणावर खूण करा. ते शेवटच्या तासाला घेऊ नका. मुलं ते ओझं घेऊन एकटी घरी जातात. एका बैठकीला 20 मिनिटं पुरे.

जून-जुलैत पत्र्यावर पाऊस कोसळू लागला की आवाज चढवावा लागतो, आणि ओरडून वाचलेलं दुःख हसू आणतं. सरळ थांबा, चित्रं काढू द्या. गणपतीच्या सुट्टीआधी कथेतला मुलगा नव्या घरी पोचलेला असावा, नाहीतर मुलं सुट्टीभर त्याला वाऱ्यावर सोडून राहतात.

वर्गातल्या कुणाचे वडील होडीवरून परतले नसतील, तर घरच्यांना आधी कल्पना द्या. त्या मुलाला दाराजवळ बसवा, हवं तेव्हा बाहेर जाऊ द्या. ‘तुला कसं वाटलं?’ हे त्याला चारचौघांत तर नाहीच विचारायचं. प्रश्न पात्राबद्दल ठेवा: मामीने वाढलेली घावन-चटणी त्याने बाजूला का सारली? यावर गप्प मुलंही बोलतात, आणि बरीचशी स्वतःबद्दलच. तेव्हा मधे बोलू नका.