लेकीच्या खांद्याला सोसेल एवढाच बार

ओहायोत नव्यानं आलेल्या मराठी घरांत नोव्हेंबरच्या सुमाराला एक प्रश्न हमखास निघतो. मुलाच्या वर्गातला मित्र बाबांबरोबर हरणाच्या शिकारीला निघालेला असतो, आपल्यालाही आमंत्रण असतं, आणि नवरा-बायको एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतात. १९७२ च्या वन्यजीव कायद्यापासून शिकार म्हणजे तुरुंग, एवढंच आपल्या डोक्यात बसलेलं. इथली कथा वेगळी आहे. १९०४ च्या सुमाराला या राज्यातलं हरीण संपलं होतं. आज ८८ च्या ८८ कौंट्यांत पांढऱ्या शेपटीची हरणं आहेत, आणि परवाने नि हंगाम आखून त्यांची संख्या आवाक्यात ठेवतात. जायचं की नाही, हे तुमच्या घरात ठरवा. जाणार असाल आणि पोराच्या हातात मझलोडर येणार असेल, तर मी केलेली चूक तुम्ही करू नका.

मझलोडर म्हणजे आपली ठासणीची बंदूक. सिंधुदुर्गात आजोबांकडे होती, माकडं आणि रानडुकरं हाकायला, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, गोळी ठेवायची, गजानं ठासायची. इथे वेगळा, फक्त ठासणीच्या बंदुकांचा हंगाम जानेवारीत असतो. त्याआधी नोव्हेंबरात मुलांचा शनिवार-रविवार येतो, त्यातही ती चालते. मुलांसाठी मला ही बंदूक आवडते ती एका कारणासाठी. काडतुसात कंपनीनं भरलं असेल तेवढंच भोगावं लागतं. ठासणीत बार आपण भरतो, म्हणून पोराच्या अंगाकडे बघून कमी करता येतो.

आधी कागदपत्रं. तुम्ही एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असाल तर अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानं बंदूक आणि काडतुसं जवळ बाळगायला तुम्हाला मनाई आहे; राज्याचा चालू शिकार परवाना असेल तर त्यातून सूट मिळते. काडतूस घालताच येत नाही अशी ठासणीची बंदूक केंद्राच्या व्याख्येत ‘अँटीक’ ठरते, म्हणजे ही मनाई तिला लागू होत नाही. मात्र ज्या मॉडेलांच्या सांगाड्यावर काडतुसाची नळीही चढवता येते, ती या सवलतीत बसत नाहीत. दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका, वकिलाला विचारा. आणि काहीही झालं तरी शिकारीचा परवाना आधी काढा. त्यासाठी हंटर एज्युकेशनचा कोर्स आहे, तो मुलाबरोबर तुम्हीही करा. मी केला, आणि इतक्या वर्षांनी परीक्षेला बसताना हात घामेजले होते.

आता माझी चूक. लेक अकरा वर्षांची, अंगानं बारीक. दुकानात मला सांगितलं होतं की हरणासाठी ५० ग्रेनच्या तीन पेलेट, म्हणजे दाबून केलेल्या दारूच्या वड्या, टाका, म्हणजे १५० ग्रेन, वर ३०० ग्रेनची गोळी. मी तोच बार तिच्या हाती दिला. पहिल्या दणक्यात दस्ता खांद्यावरून घसरून दंडावर आदळला. ती रडली नाही, त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. पुढचं वर्षभर चाप ओढायच्या आधीच तिचे डोळे मिटायचे आणि नळीचं तोंड खाली जायचं.

ग्रेन म्हणजे साधारण ६५ मिलिग्रॅम, आपल्या गुंजेच्या निम्म्याला जरा जास्त. गोळी खरोखर वजनानं मोजतात. दारू मात्र ग्रेनमध्ये सांगितली तरी मापट्यानं, आकारमानानं मोजायची. काट्यावर तोलायची नाही, कारण पायरोडेक्ससारखी पर्यायी दारू काळ्या दारूपेक्षा हलकी असते आणि तोलून भरली तर बार नको तेवढा मोठा होतो.

दणका कमी कसा होतो, हे शाळेतल्या भौतिकशास्त्रातच आहे. गोळी आणि जळणारी दारू जेवढ्या संवेगानं पुढे जातात, तेवढ्याच संवेगानं बंदूक मागे येते. खांद्याला जाणवते ती ऊर्जा मात्र वर्गानं वाढते. म्हणजे संवेग एक तृतीयांशानं कमी केला तर दणक्याची ऊर्जा निम्म्याहूनही खाली येते. थोडी दारू काढली की मोठा फरक पडतो तो यामुळे. या बंदुकांत दारूचंही वजन बरंच असतं, तीही पुढे फेकली जातेच. उलट, बंदूक जड असेल तर त्याच बाराचा दणका कमी लागतो. ‘मुलासाठी हलकी बंदूक’ हा हिशेब म्हणून फसवा आहे. पोराला उचलता आणि टेकवून धरता येईल एवढी जड चालेल.

.५० कॅलिबरसाठी, म्हणजे अर्ध्या इंचाच्या नळीसाठी, मी आज काय भरतो ते सांगतो. नळीत आतून गोळीला फिरवणाऱ्या पिळाच्या खाचा असतात; जुन्या धाटणीची, सावकाश पिळाची नळी असेल तर कापडी पट्टीत गुंडाळलेली गोल शिशाची गोळी, .४९० इंचाची, वजन १७७ ग्रेनच्या आसपास. सरावाला ५० ग्रेन काळी दारू, शिकारीला ६० ते ७०. नव्या इनलाइन बंदुकीत, २८ इंचांत एक फेरा असा घट्ट पीळ असतो, तिथे गोल गोळीचा नेम बसत नाही. तिथे प्लास्टिकच्या सॅबोमधली, म्हणजे गोळीभोवतीच्या टोपणातली, २०० ग्रेनच्या आसपासची मऊ, पोकळ टोकाची पिस्तुलाची गोळी घ्या. कडक गोळी कमी वेगात उमलत नाही, हरणातून नुसती आरपार जाते. पेलेटच वापरायच्या असतील तर ३० ग्रेनच्या दोन घ्या, ५० च्या तीन नव्हेत. ट्रिपल सेव्हन ही दारू त्याच मापट्यात जास्त जोराची असते, म्हणून साधारण १५ टक्के कमी भरायची. काळ्या दारूच्या ७० ग्रेनचं काम तिच्या ६० मध्ये होतं. तुमच्या बंदुकीच्या पुस्तिकेत वेगळं काही छापलेलं असेल तर तेच खरं. आणि आजच्या काडतुसांतली बिनधुराची दारू या नळीत चिमूटभरही नाही. नळी फुटते.

एवढ्यानं हरीण पडतं का, हा प्रश्न मला दर वर्षी विचारतात. पन्नास यार्डांच्या आत, पुढच्या पायामागे, फुप्फुसांत गोळी बसली तर पडतं. त्यापलीकडे मी लेकीला बार टाकू देत नाही. दीडशे ग्रेन भरून डोळे मिटलेल्या मुलाची गोळी पोटात लागते, आणि मग संध्याकाळभर बॅटरी घेऊन रक्ताचा माग काढत फिरा.

दस्त्याकडेही बघा. मोठ्यांचा दस्ता मुलांना लांब पडतो आणि खांद्याऐवजी दंडाला टेकतो, माझ्या लेकीचं तेच झालं. आखूड, सपाट, रबरी गादीचा दस्ता हवा. जुन्या नमुन्यांतली चंद्रकोरीसारखी पितळी पट्टी दिसायला छान, पण टोचते. सराव टेबलावर बसून फार करू नका. तिथे अंग मागे जाऊ शकत नाही, सगळा धक्का खांदाच सोसतो. काठीच्या टेकूवर उभ्यानं बरं. कानांना आत बोळे, वर मफ, दोन्ही. मूल निम्मं आवाजालाच दचकतं. अधूनमधून बार न भरताच बंदूक हातात द्या, न सांगता. चाप ओढताना नळी डुचकली तर त्या दिवशी पुरे, घरी चला.

गोळी दारूला टेकेपर्यंत ठासलीच पाहिजे, मध्ये पोकळी राहिली तर नळीला धोका. ठासून झाल्यावर गज जिथवर आत जातो तिथे त्यावर खूण करून ठेवा, दर वेळी ती जुळली पाहिजे. दारू डब्यातून थेट नळीत ओतू नका. आत निखारा असला तर सगळा डबा पेटेल. मापट्यातूनच ओता. बार उडाला नाही तर नळीचं तोंड निशाणाकडेच धरून पूर्ण मिनिटभर थांबा. कॅलिबर .३८ किंवा मोठं हवं, अंगावर नारिंगी जाकीट हवं, आणि मुलांच्या शनिवार-रविवारी बरोबरच्या मोठ्या माणसानं स्वतः बार टाकायचा नसतो.

दोन हंगामांनंतर लेकीनं ६० ग्रेनवर, चाळीसेक यार्डांवरून पहिली मादी पाडली. या मटणात चरबी नसते. मालवणी वाटण घालून मंद आचेवर शिजवलं तरच ते मऊ होतं. बंदूक मात्र त्याच रात्री गरम पाण्यानं नि साबणानं धुवा, सकाळपर्यंत ठेवली तर गंज धरते. आणि हे काम गॅरेजात करा. मी पहिल्या वर्षी न्हाणीघरात केलं, आणि सडक्या अंड्यांच्या त्या वासावरून बायको अजून ऐकवते.