कॅलगरीचं ऊन बघून कपडे ठरवू नका

दर हिवाळ्यात नव्याने आलेल्या कुणाचा तरी फोन येतो, "बाहेर लख्ख ऊन पडलंय, स्वेटरवर भागेल ना?" नाही भागणार. कॅनडातल्या मोठ्या शहरांमध्ये सगळ्यांत जास्त ऊन कॅलगरीत पडतं, वर्षाला साधारण २४०० तास. आणि याच कॅलगरीत जानेवारीतल्या एखाद्या निळ्याभोर सकाळी पारा उणे ३० च्या आसपास असतो.

आधी सूर्य किती वर चढतो ते पाहा. मुंबई १९ अंश उत्तरेला आहे, कॅलगरी ५१ अंशांवर. डिसेंबरच्या शेवटी मुंबईत भर दुपारी सूर्य क्षितिजापासून ४७ अंश वर असतो, इथे जेमतेम १५-१६. इतके तिरपे किरण मोठ्या जागेवर पसरतात. त्यामुळे जमिनीच्या एका चौरस मीटरच्या वाट्याला मुंबईच्या जवळपास तिसरा हिस्सा येतो. दिवस आठ तासांचा, रात्र सोळा तासांची. त्यात ताजा बर्फ पडलेला असेल, तर पडलेल्या उन्हातलं ८० टक्क्यांहून जास्त तो आल्या पावली परत पाठवतो. म्हणून डोळे दिपतात, पण जमीन तापत नाही.

दुसरी गोष्ट रात्रीची, आणि माझ्या मते हीच नीट समजून घ्यायला हवी. निफाडचे द्राक्षबागायतदार हे कुणाहीपेक्षा चांगलं जाणतात: थंडीत आभाळ निरभ्र असलं की दिवसाची ऊब रात्रभरात निघून जाते आणि पहाटे बागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात. ढग असले तर ते जमिनीची उष्णता अडवून धरतात. इथे कॅलगरीत हवा कोरडी, रात्र दिवसाच्या दुप्पट लांब आणि खाली बर्फ. शिवाय उत्तर ध्रुवाकडून जड, थंड हवा खाली येते तेव्हा आकाश आपोआपच स्वच्छ होतं. म्हणजे हिवाळ्यातलं मोकळं आकाश हे बऱ्याचदा कडाक्याच्या थंडीचंच लक्षण. अशा दिवशी धुराड्यांतली वाफ सरळ उभी चढते, पापण्यांवर श्वासाचं हिव गोठतं आणि हवेतल्या बर्फकणांमुळे सूर्याच्या दोन्ही बाजूंना दोन लख्ख ठिपके दिसतात. फार सुंदर दिसतं. जरूर बघा, पण हातमोजे घालून.

व्हँकूव्हरला याच्या उलट. तिथे हिवाळाभर आभाळ आणि पाऊस, पण समुद्र शेजारी असल्यामुळे जानेवारीतही सरासरी तापमान शून्याच्या वरच राहतं.

आपल्या कॅलगरीतही ऊब येते, तीही बऱ्याचदा ढग घेऊन. पश्चिमेला रॉकी पर्वतांवर ढगांची लांब कमान आणि तिच्याखाली उजेडाची पट्टी दिसली, की समजा शिनूक, म्हणजे पर्वतांवरून उतरणारा ऊबदार वारा, आला. प्रशांत महासागरावरची हवा पर्वतांच्या पलीकडेच पाणी टाकते आणि अलीकडच्या उतारावरून उतरताना किलोमीटरमागे सुमारे १० अंशांनी तापते. काही तासांत पारा २० अंशांनीही चढतो. रस्त्यावर पाणी होतं, आणि वारा थांबला की त्याच पाण्याचा काचेसारखा बर्फ. त्या संध्याकाळी गाडी फार जपून चालवा. काहींना शिनूकमध्ये डोकं दुखतं, त्याने घाबरू नका.

तेव्हा खिडकीतून अंदाज न बांधता मोबाइलवर तापमान पाहा, आणि त्याखालचा विंड चिलचा, म्हणजे वाऱ्यामुळे अंगाला जाणवणाऱ्या थंडीचा, आकडाही. तो उणे २८ च्या खाली असला, तर उघड्या कातडीला १० ते ३० मिनिटांत फ्रॉस्टबाइट होऊ शकतो, म्हणजे कातडी गोठून इजा होते. मुलांना बसस्टॉपवर सोडताना कान, नाक, बोटं झाकलेली आहेत ना, हे स्वतः हात लावून तपासा. मुलं सांगत नाहीत. रात्री उघड्यावर गाडी उभी करत असाल, तर इंजिन गरम ठेवणाऱ्या ब्लॉक हीटरची वायर प्लगला लावायला विसरू नका.

गॉगल हिवाळ्यातही हवाच. ऑफिसला जाता-येता सूर्य नेमका काचेसमोर असतो. दक्षिणेकडच्या खिडक्यांचे पडदे दिवसा उघडे ठेवा, बंद घरात हेच ऊन खरी ऊब देतं. आणि ड जीवनसत्त्वाबद्दल डॉक्टरांना पहिल्याच भेटीत विचारा. सूर्य इतका खाली असताना कातडीत ते जवळजवळ तयार होत नाही, आणि आपल्या सावळ्या रंगाला तर एरवीही जास्त ऊन लागतं.