या चुका टाळा: शिनाण्यांच्या मायटोकॉन्ड्रियातलं पेरॉक्साइड मोजताना

गोव्यात प्रकल्पासाठी शिनाण्या (खाण्याच्या समुद्री शिंपल्या) सहज मिळतात, पण त्यांच्या कल्ल्यांतून मायटोकॉन्ड्रिया (पेशीतली ऊर्जा बनवणारी अंगकं) काढताना उंदराच्या यकृतासाठीचा 250 मिलिमोलर सुक्रोजचा बफर जसाच्या तसा वापरतात. सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. शिनाणीच्या अंगातल्या द्रवाची क्षारता (इथे विरघळलेल्या कणांचं एकूण प्रमाण) बाहेरच्या पाण्यासारखी असते. उन्हाळ्यात ती 1000 मिलिऑस्मोलच्या आसपास, तर बफरची जेमतेम 300. मायटोकॉन्ड्रिया पाणी ओढून फुगतात, बाहेरचं आवरण फाटतं, इलेक्ट्रॉन पुढे नेणारं सायटोक्रोम सी हे प्रथिन निसटतं. पुढची वाट बंद झाली की इलेक्ट्रॉन मागे तुंबतात आणि ऑक्सिजनवर जाऊन सुपरऑक्साइड बनतं, त्याचंच पुढे पेरॉक्साइड होतं. म्हणजे दिसतो तो ताण प्राण्याचा नसून बफरचा. पावसाळ्यात झुआरी नदीचं पाणी गोडं होत जातं, म्हणून शिनाण्या आणल्या त्या दिवशीचीच क्षारता मोजा आणि पोटॅशियम क्लोराइड व सुक्रोज वाढवून बफर तिच्याशी जुळवा. मोजमापही 37 अंशांवर नको, पाण्याच्या तापमानाला करा.

दुसरी गफलत सक्सिनेटची, म्हणजे मायटोकॉन्ड्रियाला दिल्या जाणाऱ्या इंधनाची. नुसतं सक्सिनेट दिलं आणि एडीपी (ज्यापासून एटीपी बनतं तो रेणू) नसलं, तर पडद्यावरचा विद्युतदाब चढतो, इलेक्ट्रॉन उलटे कॉम्प्लेक्स 1कडे (इलेक्ट्रॉन वाहणाऱ्या साखळीतल्या पहिल्या प्रथिनसमूहाकडे) ढकलले जातात आणि पेरॉक्साइडचा आकडा फुगतो. कॉम्प्लेक्स 1 अडवणारं रोटेनोन 1 ते 2 मायक्रोमोलर टाकून पाहा: आकडा कोसळला तर तो उलटा प्रवाहच होता. ग्लुटामेट-मॅलेट या दुसऱ्या इंधनावर मात्र तेच रोटेनोन आकडा वाढवतं. दोन्हींची तुलना एकाच आलेखात केली की निष्कर्ष चुकलाच. अँटिमायसिन या कॉम्प्लेक्स 3 अडवणाऱ्या विषानं तिथून सुपरऑक्साइड वाढतं, पण ती झाली मुद्दाम अडवलेली साखळी. ‘1 ते 2 टक्के ऑक्सिजन गळतो’ (म्हणजे सुपरऑक्साइड-पेरॉक्साइडमध्ये जातो) हा जुना आकडाही एडीपीविना, भरपूर सक्सिनेटवरच्या मोजमापांतून आला आहे. जिवंत पेशीवर तो लावू नका.

अ‍ॅम्प्लेक्स रेड (पेरॉक्साइड असलं की चमकणारं रंगद्रव्य) वापरताना 30 टक्के पेरॉक्साइडच्या बाटलीवरच्या लेबलवर विसंबू नका, उघडी बाटली उकाड्यात उतरते. 240 नॅनोमीटरला शोषण मोजून 43.6नं भागा, मोलर प्रमाण मिळेल. प्रमाणवक्र (ठाऊक प्रमाणांवरून काढलेला तुलनेचा आलेख) मायटोकॉन्ड्रिया असलेल्या बफरमध्येच काढा, कारण ते स्वतः पेरॉक्साइड खातात. रंगद्रव्य दिव्याखालीही आपोआप चमकतं, तेव्हा कुपी फॉइलमध्ये गुंडाळा. शेवटी एका कुपीत कॅटालेज (पेरॉक्साइड मोडणारं एन्झाइम) टाका. चमकेचा चढ तरीही तसाच राहिला तर ते पेरॉक्साइड नव्हेच, त्या दिवसाचा डेटा बाजूला ठेवा.