कॉम्प्युटर चालूच होत नाही? एसएमपीएस बदलण्याआधी हे तपासा

बटण दाबलं की पंखे फिरतात, पण स्क्रीन काळीच राहते, तर ती तक्रार वेगळी. बहुतेकदा रॅम किंवा डिस्प्लेची. इथे बोलायचंय ते ढिम्म पडलेल्या मशीनबद्दल. अशा वेळी ‘एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) गेला’ हे निदान फार पटकन केलं जातं. कधी खरंही निघतं, पण ते पडताळायला पाच मिनिटं पुरतात.

आधी यूपीएस आणि एक्स्टेंशन बोर्ड बाजूला काढून केबल थेट भिंतीच्या सॉकेटला लावा. पॉवर केबलवर संशय असेल तर मॉनिटरची लावून बघा. बऱ्याच मॉनिटरना तीच केबल असते. एसएमपीएसच्या मागचा छोटा स्विच साफसफाईत कुणाच्या तरी हातून बंद झालेला असतो, तोही पाहा.

मग केबल काढून पॉवर बटण 15-20 सेकंद दाबून धरा आणि केबल परत लावा. शॉर्ट किंवा विजेचा झटका बसला की एसएमपीएस स्वतःला बंद करून घेतो आणि मागची वीज पूर्ण तुटेपर्यंत तसाच राहतो. लाइट जाऊन आल्यावर बंद पडलेली मशीन पुष्कळदा एवढ्यानेच उठते.

आता कॅबिनेट उघडा. मदरबोर्डवर बारीक दिवा असेल आणि तो पेटला असेल, तर स्टँडबायचे, म्हणजे मशीन बंद असतानाही मिळणारे, 5 व्होल्ट येतायत. दिवा नसेल किंवा पेटला नसेल तर मल्टिमीटरने मोठ्या 24 पिनी कनेक्टरमधली जांभळी वायर तपासा: काळ्या वायरच्या तुलनेत 4.75 ते 5.25 व्होल्ट हवेत. सॉकेट आणि केबल ठीक असून इथे शून्य आलं, तर दोष एसएमपीएसचाच.

5 व्होल्ट येत असतील तर संशय बटणावर घ्या. स्वस्त कॅबिनेटची बटणं बिघडतात, रुतून बसतात. मशीन सुरू होऊन साधारण चार सेकंदांनी बंद होत असेल, तर बटण आत अडकलंय असं समजा. मदरबोर्डवरच्या पॉवर स्विचच्या दोन पिनांवरून कनेक्टर काढा आणि स्क्रू ड्रायव्हरचं टोक दोन्हींना क्षणभर टेकवा. मशीन सुरू झाली? मग रीसेटचा कनेक्टर त्या पिनांवर लावा, रीसेटचं बटण आजपासून पॉवरचं. खर्च शून्य.

तरीही हालचाल नसेल तर एसएमपीएस एकटा चालवून बघा. वीज बंद करून 24 पिनी कनेक्टर बोर्डवरून काढा, हिरवी वायर आणि शेजारची काळी पेपरक्लिपने जोडा, मग वीज द्या. सगळ्या वायरी काळ्या असतील तर कनेक्टरच्या लॉक-क्लिपच्या बाजूच्या ओळीतलं रिकामं छिद्र शोधा. त्याच्या एका बाजूला चार पिना असतात, दुसऱ्या बाजूला सात. सातच्या बाजूने मोजत गेलात की चौथी पिन म्हणजे हिरवी. वाटेतल्या तिन्ही पिना काळ्या वायरच्या जागी धरा. काही एसएमपीएसचा पंखा लोड नसताना फिरत नाही, म्हणून पिवळ्या वायरवर 11.4 ते 12.6 व्होल्ट येतात का ते मोजा. मात्र इथे पास झालेला एसएमपीएस मशीनचा लोड आल्यावर बंद पडू शकतो, हे लक्षात असू द्या.

एसएमपीएसचा डबा मात्र उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये 300 व्होल्टच्या वर चार्ज असतो आणि केबल काढल्यावरही तो काही काळ टिकतो. आत पाल अडकल्याचा संशय असला तरीही नाही.

एसएमपीएस एकटा चालतो, पण बोर्डला जोडला की पंखा क्षणभर फिरून थांबतो? हे शॉर्टचं लक्षण. ग्राफिक्स कार्ड, हार्ड डिस्क, पुढच्या यूएसबीची केबल सगळं काढा. प्रोसेसर, त्याचा कूलर, एक रॅम, 24 पिनी वायर आणि प्रोसेसरची 8 पिनी वायर एवढंच ठेवा. मग एकेक वस्तू परत जोडा, दर वेळी वीज बंद करून. पुढच्या यूएसबीच्या आतली वाकलेली पिन अख्खी मशीन अडवून धरते, ती पहिली बघा. नवीन जोडणी असेल तर बोर्डखाली चुकीच्या जागी राहिलेला पितळी स्टँडऑफ (बोर्ड उचलून धरणारा छोटा टेकू) शोधा.

एवढं करूनही शॉर्ट जात नसेल, तर प्रोसेसरच्या आसपासचे फुगलेले कपॅसिटर पाहा. दुरुस्तीला नेताना फक्त कॅबिनेट न्या आणि मोजलेले व्होल्टेज कागदावर लिहून सोबत द्या.